दोना एर्मिनिया कुठे झोपतात

आमच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पाहण्यासारखं काहीही नाही. एक भिंत आहे, तिचा गिलावा गेलाय. भिंतीत दगडी तोटी आहे, तिला पाणी नाही. समोरासमोर दोन घरं आहेत. एक माझं, एक दोना, म्हणजे बाई, एर्मिनियांचं. तरीही जुनं लिस्बन पायी पाहायला निघालेला प्रत्येक घोळका इथे थांबतो, कारण दुपारनंतर इथे सावली असते आणि खालून चढून आलेल्या माणसाला धाप लागलेली असते. माणसं धापा टाकत असताना गाइडला काहीतरी बोलावं लागतं. तो गप्प बसला तर लोक आजूबाजूला बघतात, आणि इथे काहीच नाही हे त्यांच्या लक्षात येतं.

त्यामुळे मी माझ्या खिडकीत बसून त्या भिंतीबद्दल बरंच ऐकलंय. ती अरबांनी बांधली. ती १७५५च्या मोठ्या भूकंपातून वाचली. तिच्यामागे एका जोगिणीला कोंडलं होतं. प्रत्यक्षात ती माझ्या लहानपणी एका गवंड्याने बांधली आणि वाईट बांधली. मी इतिहासाची पदवी घेतली आहे आणि घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतो. गाइडचं काम मला मिळालं असतं, पण निभलं नसतं, कारण मला इतिहास येतो.

या मे महिन्यात पिवळ्या छत्रीची एक नवीन मुलगी घोळके घेऊन येऊ लागली. तिचं नाव माफाल्दा. ती टप्प्यावर उभी राहायची, छत्री मिटायची आणि टप्प्याच्या खालच्या कडेच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणायची, "इथे साल्गादा वस्ती संपते. या पायरीच्या वर ओलिवाल." लोक पायरीचा फोटो काढायचे आणि वर ओलिवालमध्ये जायचे. जोगिणीपेक्षा हे बरं, असं मला वाटलं होतं.

एक दिवस नेमकी त्याच वेळी दोना एर्मिनियांची नणंद देओलिंदा पाव घेऊन जिना चढत होती. ती थांबली. घोळका पुढे गेला तरी ती पायरीकडे बघत उभी होती. मग तिने पायरीच्या वर असलेलं दोना एर्मिनियांचं दार पाहिलं, आणि वर जाण्याऐवजी परत खाली गेली. पाव काखेत घेऊन. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जूनमध्ये संत अंतोनीच्या सणाच्या आदल्या रात्री शहरातल्या वस्त्यांच्या मिरवणुका मोठ्या रस्त्यावर उतरतात. गाणी, पोशाख, कागदी कंदिलांच्या कमानी, परीक्षक, आणि नंतर वर्षभर पुरेल एवढं भांडण. साल्गादाचं निशाण दोना एर्मिनिया धरतात. त्यांच्या आधी त्यांची आई धरायची. बाई आता साठीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात, पण निशाण हातात आलं की त्या अशा चालतात की बाकीची मिरवणूक त्यांच्या मागून आपोआप सरळ होते. वर्षातले उरलेले दिवस त्या या एका रात्रीच्या आधीचे किंवा नंतरचे म्हणून काढतात. निशाण आपल्या हातात जास्त शोभेल असं देओलिंदाचं मत आहे, आणि ते तिने कधी लपवलेलं नाही.

साल्गादाच्या मिरवणुकीच्या आमच्या मंडळाचा एक नियम आहे: निशाण धरणारी व्यक्ती साल्गादात झोपणारी असावी. नाचणाऱ्यांना हा नियम लागू नाही. ते बहुतेक नदीपलीकडून बोटीने येतात, कारण इथली भाडी परवडेनाशी झाली. त्यांना कोणी परकं म्हणत नाही. मंडळाच्या मते माणूस जिथून हाकलला जातो तिथला असतो. दोना एर्मिनियांना कोणी कुठून हाकललंच नव्हतं, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी होती.

मंडळाची बैठक वाल्देमारच्या खानावळीत भरली. वाल्देमार मंडळाचा अध्यक्ष आहे आणि खानावळीचा मालक, त्यामुळे बैठका लांबतात.

"मी काही बोलत नाही," देओलिंदा म्हणाली. "परदेशातून आलेल्या माणसांना हद्द कुठे ते माहीत आहे. आपल्याला नाही. एवढंच."

"वहिनी कुठे राहते हे तुला माहीत नाही?" वाल्देमार म्हणाला. "तुझ्या सख्ख्या भावाची बायको ती."

"भाऊ लग्न करून वर राहायला गेला तेव्हाच आमची आई रडली होती. का रडली असेल?"

"एर्मिनियाला पाहून रडली होती," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले, आणि तिथेच घात झाला. कारण हसून झाल्यावर वाल्देमारने विचारलं, "पण मग हद्द आहे तरी कुठे?" आणि खानावळीतल्या प्रत्येकाने, जो तो जन्मापासून इथेच वाढलेला, वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी माफाल्दाला गाठलं.

"हद्दीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आधीच्या गाइडने."

"आणि त्याला?"

"ते मला काय माहीत, सेन्योर? मी उत्तरेतल्या ब्रागा शहरातली. पण इथे काहीतरी सांगायला लागतंच ना. तुम्हीच बघा, आहे काय इथे?"

मी दोना एर्मिनियांकडे गेलो. त्या निशाणाच्या झालरीला टाके घालत होत्या. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आमच्याकडे बातमी जिना चढत नाही, ती खिडक्यांतून येते.

"मला काढणार म्हणे," त्या म्हणाल्या.

"कोणी काढत नाहीये, दोना एर्मिनिया. हद्द ठरवतायत."

"तेच ते. आन्सेल्मो, तू शिकलेला आहेस. तू त्यांच्याबरोबर जा. निशाण गेलं तर मी जूनमध्ये करू काय? खिडकीत बसून तिला बघू?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तिचा उजवा खांदा उतरता आहे. निशाण वाकडं जाईल."

ठरलं असं की रविवारी जेवणं झाल्यावर मंडळाने स्वतः हद्दीवरून चालत जायचं आणि कोपरा न कोपरा ठरवायचा. आमच्यापैकी कोणीही आपली वस्ती कधी अशी चालून पाहिली नव्हती. घर, खानावळ, चर्च आणि सरकारी दवाखाना एवढ्या चार ठिकाणांना जोडणारे रस्ते आम्हाला ठाऊक. बाकीच्यांशी काम काय?

वाल्देमारने हद्द दाखवायला फरशी पुसायच्या फडक्याचा दांडा घेतला. देओलिंदाने चांगला झगा घातला. मंडळाचे चार-पाच म्हातारे काठ्या घेऊन आले. मी शिकलेला म्हणून सगळ्यांच्या मागे.

पहिल्याच कोपऱ्यावर आम्ही अडलो. तिथे पूर्वी न्हाव्याचं दुकान होतं. आता माशांच्या आकाराचे साबण विकतात.

"न्हावी साल्गादाचा," वाल्देमार म्हणाला.

"न्हावी ओलिवालचा," देओलिंदा म्हणाली. "त्यांच्या मिरवणुकीत ढोल बडवायचा."

"त्याची बायको आपली होती."

"ती तर पळून गेली."

"पळाली ती खाली पळाली की वर?"

हे कोणाला आठवेना. शेवटी हद्द साबणाच्या दुकानाच्या मधून नेली आणि आम्ही पुढे निघालो. पुढच्या कोपऱ्यावर एका खाटकाच्या वजनकाट्यावरून वाद झाला. तो काटा चोर होता म्हणून खाटीक ओलिवालला देऊन टाकला. त्याच्या पुढे एक बोळ होता, त्यात राहणाऱ्या बाईने कोणे एके काळी वाल्देमारला नाही म्हटलं होतं. तो अख्खा बोळ वाल्देमारने चर्चेविना दांड्याच्या एका फटक्यात पलीकडे टाकला. मी मध्ये दोनदा जुन्या नकाशाची गोष्ट काढली. "नकाशा काढणारा इथे राहत होता का?" असं मला विचारण्यात आलं. तो राहत नव्हता हे मला कबूल करावं लागलं.

एवढ्यात आमच्या मागे गर्दी वाढू लागली. दांडा उंच धरून चालणारा माणूस आणि त्याच्यामागे भांडणारी म्हातारी माणसं पाहून पर्यटक सामील होत होते. त्यांना वाटलं ही पण एक सहल आहे.

एका टोपीवाल्या बाईंनी मला विचारलं, "यात चाखायला काही आहे का?"

"ही सहल नाही," मी म्हणालो.

नेमकं तेव्हाच वाल्देमारच्या मावसभावाने दारातून चेरीच्या दारूची बाटली बाहेर काढली, आणि मंडळाबरोबर सगळ्यांनाच एकेक घोट मिळाला. बाईंनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. त्यानंतर मी खुलासे करणं सोडून दिलं.

मग आम्ही चुकलो.

हे सांगायला मला बरं वाटत नाही. ज्या गल्लीत आम्ही चुकलो तिथे वाल्देमारचा जन्म झाला होता. पण आता तिथली सगळी दारं एकाच राखाडी रंगाची होती आणि प्रत्येक दाराला पर्यटक भाडेकरूंसाठी किल्ली ठेवायची छोटी आकड्यांची पेटी लटकत होती. खिडक्यांना पडदे नव्हते, कपडे वाळत नव्हते. ओरडून विचारावं असं कोणी वरून डोकावत नव्हतं.

"इथे कोळशाची वखार होती," वाल्देमार म्हणाला.

"वखार पलीकडच्या गल्लीत," देओलिंदा म्हणाली.

"पलीकडची गल्ली कुठाय?"

देओलिंदाने पलीकडे पाहिलं. पलीकडेही राखाडी दारंच होती. म्हाताऱ्यांपैकी एकाने एका पेटीचे आकडे उगाच फिरवून पाहिले, जणू आत कोळसेवाला असेल.

"आमचं घर यातलंच एखादं," वाल्देमार म्हणाला. "आई दाराशी सणाची छोटी कुंडी ठेवायची, तुळशीसारख्या मांजेरिकोची. कुंडी असती तर ओळखलं असतं."

शेवटी आखूड चड्डी घातलेल्या एका उंच डच माणसाने आपल्या फोनवर पाहून आम्ही कुठे आहोत ते सांगितलं. तो पुढे झाला, आणि साल्गादा मंडळाचे अध्यक्ष दांडा खांद्यावर टाकून त्याच्यामागे चालू लागले. आपल्याच वस्तीतून बाहेर पडायला आम्हाला नेदरलँड्सची मदत लागली.

आम्ही आमच्या टप्प्यावर पोचलो तेव्हा म्हातारे दमले होते, देओलिंदाचे बूट चावत होते आणि आमच्यामागे जिनाभर माणसं होती. वर माफाल्दा तिचा घोळका घेऊन आधीच उभी होती. दोना एर्मिनिया स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून. आत गोगलगाई शिजत होत्या, ओव्याच्या पाल्याचा वास येत होता.

त्यांच्या घराला दोन खोल्या आहेत, शेजारी शेजारी. एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली. दोन्हींची दारं टप्प्यावर उघडतात. वरून पायऱ्यांच्या कडेने पावसाच्या पाण्याची एक दगडी नाली उतरते आणि बरोबर त्या दोन दारांच्या मधून भिंतीखाली शिरते.

वाल्देमारने दांडा नालीवर ठेवला. "हद्द म्हणजे नाली," तो म्हणाला. "माझे आजोबा म्हणायचे."

आजोबा असं काही म्हणत असतील यावर माझा विश्वास नाही. पण साऱ्या दुपारभरात पहिल्यांदाच कोणी विरोध केला नाही, कारण सगळ्यांना बसायचं होतं.

"म्हणजे स्वयंपाकघर आपलं," वाल्देमार समाधानाने म्हणाला. "झालं तर. एर्मिनिया आपली."

"आणि झोपायची खोली?" देओलिंदाने विचारलं.

वाल्देमारने नालीच्या पलीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं.

"नियमात 'झोपणारी' असं आहे," देओलिंदा म्हणाली. "'शिजवणारी' असं नाही. मी नाही केला नियम. तूच केलास."

"वाल्देमार," दोना एर्मिनिया म्हणाल्या, "मी जन्मल्यापासून तू मला ओळखतोस. चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला तेव्हा एका बाकावर होतो आपण. आणि आज भर दिवसा, एवढ्या लोकांसमोर, विधवा बाईला विचारतोस, कुठे झोपतेस?"

"मी कुठे विचारतोय? नियम विचारतोय."

"नियमाला सांग, झाकारियास गेल्यापासून मी धड झोपतच नाही. मग मी कुठल्या वस्तीची?"

"वहिनी, रडगाणं नको," देओलिंदा म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. झाकारियास तिचा भाऊ होता.

"रडतंय कोण? माझी आई दमली तेव्हा तिने निशाण माझ्या हातात दिलं, तुझ्या नाही. आणि आता मी एका गटारामुळे ते देऊ? तोंड पाहिलंस आरशात?"

"तू पाहा. आरसा ओलिवालमध्ये आहे तुझा."

पर्यटकांना शब्द कळत नव्हते, पण प्रत्येक वाक्यानंतर ते मान इकडून तिकडे वळवत होते. माफाल्दा त्यांना हलक्या आवाजात समजावत होती की हा फार जुना विधी आहे, दरवर्षी वस्तीतले ज्येष्ठ हद्दीवरून चालतात आणि शेवटी एका विधवेच्या दाराशी येऊन सवाल-जवाब करतात. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने खांदे उडवले.

"नियम बदला," मी म्हणालो. "साधी गोष्ट आहे. दोन शब्द खोडा."

"सणाच्या तोंडावर?" वाल्देमारला धक्का बसला. "ओलिवालवाले काय म्हणतील? साल्गादाने एका बाईसाठी नियम बदलला. परीक्षकांपर्यंत जाईल ते." त्याने कपाळ पुसलं. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त अध्यक्ष राहायचं होतं. "एर्मिनिया, मला कळतंय गं. पण नियम म्हणजे नियम. जी साल्गादात झोपेल ती निशाण धरेल."

दोना एर्मिनियांनी नालीकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. पुसले असते तर देओलिंदाला दिसलं असतं. मग त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला आणि बाह्या वर केल्या.

"आन्सेल्मो, इकडे ये. पायाकडची बाजू धर."

"कशाची?"

"पलंगाची."

तो पलंग चेस्टनटच्या लाकडाचा आहे. झाकारियासच्या आजोबांनी करवून घेतलेला. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर दोन देवदूत कोरलेले आहेत आणि दोघेही धष्टपुष्ट आहेत. दोन खोल्यांच्या मधलं दार इतकं अरुंद आहे की त्यातून दोना एर्मिनियाही तिरप्या होऊन जातात. म्हणजे पलंग टप्प्यावर काढायचा, नाली ओलांडायची आणि दुसऱ्या दारातून आत न्यायचा. आणि त्याआधी स्वयंपाकघरातलं जेवायचं टेबल बाहेर काढायचं, कारण दोन्ही एका वेळी तिथे मावत नाहीत.

मी आयुष्यात यंत्र हलवण्याच्या सूचनांची कितीतरी पानं लिहिली आहेत. 'जड वस्तू उचलताना गुडघ्यात वाकावे.' मी गुडघ्यात वाकलो नाही. पलंग दारातून अर्धा बाहेर आला आणि माझ्या पाठीत काहीतरी असं झालं की मी होतो तसाच थांबलो.

"काय झालं?" दोना एर्मिनियांनी विचारलं.

"काही नाही. मी असाच राहणार आहे."

"अरे, कोणीतरी धरा ना! बघताय काय?" त्या ओरडल्या. मंडळाने आपापल्या काठ्यांकडे पाहिलं. तेव्हा तो उंच डच माणूस पुढे आला. मग टोपीवाल्या बाई. मग माफाल्दाने छत्री भिंतीला टेकवली. परक्या शहरातल्या अनोळखी माणसांनी दोन लठ्ठ देवदूत डोक्यावर घेऊन नाली ओलांडली, आणि जिन्यावरच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. मधोमध एकदा पलंग कलला, तेव्हा देवदूताच्या पंखाखाली आधार द्यायला जो हात गेला तो देओलिंदाचा होता. तिने लगेच काढून घेतला.

"पलंग माझ्या आजोबांचा आहे," ती म्हणाली. "ओरखडा येईल. म्हणून."

गादी घातली गेली. चादर घातली गेली. दोना एर्मिनिया चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या, डोकं देवदूतांकडे, पाय चुलीकडे, आणि त्यांनी डोळे मिटले.

"झोपले," त्या म्हणाल्या. "लिहून घे, वाल्देमार."

वाल्देमारने देओलिंदाकडे पाहिलं. देओलिंदाने बूट काढले, हातात घेतले आणि जिना उतरून गेली. गर्दीत कोणीतरी विचारत होतं की ही सहल उद्याही आहे का.

निशाण दोना एर्मिनियांनीच धरलं. मी माझ्या गादीवर उताणा पडून टीव्हीवर पाहिलं, कारण मला उठता येत नव्हतं. त्या सरळ चालल्या, आणि मागची मिरवणूक सरळ झाली. निकालात ओलिवाल आमच्या पुढे होतं. वाल्देमारच्या मते परीक्षक विकले गेले होते.

सणानंतर मी जरा चालू लागलो तसा समोरच्या घरी गेलो. दोना एर्मिनिया पलंगावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. पलंगाने स्वयंपाकघर इतकं व्यापलं होतं की मला दारातच उभं राहावं लागलं. जेवणाचं टेबल आता ओलिवालमध्ये होतं आणि त्यावर शिलाईचं सामान पसरलं होतं.

"माणसं बोलावून ठेवतो," मी म्हणालो. "पलंग परत जागेवर लावून देऊ. आता कोण विचारतंय?"

"कशाला? राहू दे." त्यांनी बसल्या बसल्या हात लांब केला आणि गॅस पेटवून कॉफीचं भांडं वर ठेवलं. उठल्या नाहीत. "हे बघ. सकाळी डोळे उघडले की कॉफी. एवढी वर्षं मी मूर्खासारखी उठून दुसऱ्या खोलीत जात होते. झाकारियासलाही सुचलं नाही कधी."

"आणि माझी पाठ? तिचं काय?"

त्यांनी शेंगेतून दाणा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचार करून म्हणाल्या, "तू उभा होतास नालीच्या पलीकडे. ओलिवालच्या मंडळाकडे जा."